सासऱ्यांचा फोन, माझा अंगठा

सासऱ्यांच्या फोनला मी स्वतःचा अंगठा नोंदवून दिला. मूर्खपणा माझाच, आणि तोही हौसेने केलेला.

आमच्या सासऱ्यांइतका गुप्ततेचा वैरी उरण-पनवेल पट्ट्यात दुसरा नसेल. गावात होते तेव्हा कुठे निघाले की घराची किल्ली शेजारणीकडे द्यायचे. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर फोनचा पासवर्डही त्याच रीतीने ठेवायला दिला. वॉचमनला, दूधवाल्याला, समोरच्या भाभींना. एकदा रिक्षात त्यांना तो आठवेना, तर रिक्षावाल्यानेच सांगितला. मी चिडलो की म्हणायचे, "आपल्याला काय झालं तर घर कोनी उघडायचं?"

मग बँकेच्या ॲपपायी फोनचा पासवर्डच बंद झाला. बोट दाखवा, नाहीतर चेहरा. यांचं आयुष्य गेलं मिठागरावर. बोटांवरच्या रेषा मिठाने कधीच चाटूनपुसून नेलेल्या. चेहरा दाखवा म्हटलं, तर फोटो समजून टोपी घालून, श्वास रोखून, फौजदारासारखे बघायचे. तो चेहरा पुन्हा त्यांचा त्यांनाही जमत नसे. शेवटी मी वैतागून म्हटलं, "हा घ्या माझा अंगठा!"

तेव्हापासून रोज सकाळी ते रोडपालीहून कामोठ्याला आमच्या घरी हजर. मी अजून पांघरुणात. "जावाय, अंगठा द्या." उघडलेल्या फोनमध्ये बघायचं काहीच नसे. सासूबाई गेल्यापासून त्यांना फोन करणारं तरी कोण होतं? तो खिशात टाकून ते सुकटीची पुडी ओट्यावर ठेवत, चहा घेत आणि मुलीशी तासभर बोलत बसत. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

गेल्या रविवारी अगदी थकून मी त्यांना गप्पांत गुंतवलं, फोन समोर धरला आणि बिनटोपीचा, हसरा चेहरा नोंदवून टाकला. म्हटलं, सुटलो.

सोमवारी बेल वाजली नाही. मंगळवारीही नाही. बायको दाराकडे बघत चहा गाळत होती, आणि मी मेला पहाटेपासून टक्क जागा.

बुधवारी आले. "बिघडला वाटतं. मना वळखत नाय," म्हणत त्यांनी फोन पुढे केला. फोनने त्यांना पाहिलं आणि मुकाट्याने उघडला. मी घाईघाईने वर अंगठा टेकवला. "हा बघा, उघडला!"

सासरे फोनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"तो आदीच उघडला होता," ते म्हणाले. "जावाय, तुमाला खोटं पन धड बोलता येत नाय."