चारुशीला आणि खव्याची मशीन

आमच्या भूमकडं खव्याच्या भट्ट्या लई. म्या धुरपदा, उभा जन्म भट्टीपुढं लाकडाच्या धुरात घालवला. डोळ्याच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, “मावशी, भट्टी सोडा, न्हाय तर नजर जाईल.” सोडून खायाचं काय? त्याच्या घरी जेवाया जाऊ व्हय?

म्हणून आमच्या बचत गटात उन्हावर चालणारी मशीन येणार म्हणल्यावर जीव हरखला. मशीन एक, पण तिला बाप तीन! सोलरचे इंजिनियर, दुधाच्या कॉलेजातले साहेब अन् पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं. ह्या सगळ्यांची मोट बांधायला तुळजापूरच्या एका मास्तरांची लेक नेमली होती, चारुशीला. आवाज एवढा हळू, की म्या मनात म्हणलं, ही काय ह्यांना आवरणार?

पहिला खवा करपला. दुसऱ्या खेपेला दूध आटलंच न्हाय, नुसती बासुंदी! जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवाया लागला. वरून निरोप आला, आणखी एकदा बिघडलं तर मशीन परत न्यायची. म्हंजी म्या परत त्या धुरातच बसायचं!

चारुशीला कुणावर डाफरली न्हाय. सगळ्यांना कढईभोवती बसवलं, चहा दिला अन् एकेकाला इचारलं, “करपल्यावर तुम्ही काय बदललंत?” इंजिनियरनं आच कमी केली होती. पुण्याच्या पोरांनी वेळ कमी केला होता. साहेबांनी दूध वाढवाया लावलं होतं. एका दुखण्याला तिघांची तीन औषधं, अन् कुणी कुणाला सांगितलं न्हाय! आता बोला! आमच्या जावाजावांत बी एवढा अबोला नसतो.

ती म्हणाली, “सगळं पहिल्यासारखं करा. आज फक्त आच बदलायची. बाकी कुणी हात लावायचा नाही.”

साहेब फणफणले. “मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं?”

“हो, साहेब. बघा, आणि काय दिसतं ते सगळ्यांना सांगा.”

बसले बापडे. कढईतलं दूध ढवळायचं पातं फिरत राहिलं, दूध दाटत गेलं, मऊ दाणेदार गोळा झाला. म्या चिमूटभर तोंडात टाकला. करपल्याची चव न्हाय, काय न्हाय.

तशीच उठले, पहार घेतली अन् भट्टीकडं निघाले. चारुशीला मागं पळत आली. “मावशी, थांबा! उद्या मशीन परत बिघडली तर?”

“बिघडली तर तू हाईस की,” म्या म्हणलं, अन् पहिला घाव घातला.