भाजीवालीचं पद, दुसऱ्यांदा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गिरजाआत्याचं नाव घेतो. अकोल्याच्या बाजारात भाजी विकून तिनं मला अमरावतीच्या कॉलेजात शिकवलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. एवढंच सांगतो. पुढचं आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. कॉलेजच्या संमेलनासाठी आम्ही वीसेक वर्षांपूर्वीचं एक संगीत प्रहसन उकरून काढलं. ते करणारी कंपनी कधीच बुडाली होती. नाटकाचं नावही कोणाला आठवत नव्हतं. एका म्हाताऱ्या पेटीमास्तरांकडे फाटकी प्रत होती आणि चाली त्यांच्या बोटांत होत्या. माझ्या वाट्याला भाजीवाली आली. प्रवेश एक, पद एक. पण तालमीत कोणी हसेना. ही भाजीवाली वांगी विकतानाही छापील बोलत होती. मास्तर म्हणाले, "हे मेलंय रे. काढून टाकू."

काढून टाकू — म्हणजे मलाच, असं मला ऐकू आलं. त्या मुलांत माळ्याचा मी एकटा. माझ्या खोलीवर कोणी येत नसे. या एका प्रवेशामुळे मी त्यांच्यात बसू शकणार होतो. दुसऱ्या दिवशी मी छापील वाक्यं सोडली आणि आत्यासारखं बोललो. "कावून वो बाई, वांगं दाबून पाह्यता? लेकराचे गाल हायेत काय थे?" सगळे पोट धरून हसले. मग तिचं मान उडवणं आलं. मग — हो, तिचा पायही आला. डाव्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. ती तो ओढत चाले. मेलेलं नाटक त्या चालीनं उठून बसलं.

लुगडंही तिचंच आणलं. हिरवं, ठेवणीतलं. "नाटकाले पाह्यजे? ने बाप्पा. पण फाडलंस त मार खाशीन!" सोंग कोणाचं, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नाटकाला ये, असंही म्हटलं नाही.

ती आली.

पहिल्यांदा पद म्हटलं तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. हे खरं आहे. शेवटच्या ओळीला माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. सतरंजीच्या कडेला बसून, तोंडाला पदर लावून ती हसत होती. आपलं लुगडं ओळखून खूश झाली असावी. बाकीचं तिला अजून कळलं नव्हतं. तेवढ्यात मांडवभर आरोळी उठली — वन्स मोअर!

मास्तरांनी पुन्हा सूर धरला. आता मला पाय सरळ टाकता आला असता. पद तेच राहिलं असतं. कोणाचं काय अडलं असतं? पण मुलं बाकांवर उभी राहून माझं नाव घेत होती — माझं! मी पाय आणखी ओढला. ओढत तिच्याच बाजूला गेलो. आत्या हसायची थांबली. तिनं खाली पाहिलं आणि आपला डावा पाय हळूच लुगड्याच्या आत ओढून घेतला.

मी ते पाहिलं. आणि पद पुरं केलं.

नाटक संपल्यावर दारावरच्या गड्यानं माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. शेंगदाण्याचे लाडू. "तुमची आत्या गेली, गाडी होती तिची. म्हने, लुगडं माह्यापेक्षा त्यालेच शोभते."

पुढचं वर्षही तिनंच शिकवलं. त्या पदाबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, मीही नाही. लुगडं धुऊन परत पाठवलं, त्यासोबत एक चिठ्ठी लिहिली होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्यांकडून ती मोठ्यानं वाचून घेईल, हे मला ठाऊक होतं. त्या चिठ्ठीचा शब्दन् शब्द मला पाठ आहे —

"तीर्थरूप गिरजाआत्यास किसनचा शिरसाष्टांग नमस्कार. लुगडं पाठवत आहे. कुठे फाटलं नाही. लाडू मिळाले. नाटक चांगलं झालं, लोकांना आवडलं. तू आली होतीस हे मला नंतर कळलं. दिसली असतीस तर पुढे बसवलं असतं."