डुकराच्या झग्यापायी

ओनोरे पुजादने बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, दोन मुली उजवल्या, नगरपालिकेच्या निवडणुकीत एकदा सपाटून पडला आणि अडुसष्टाव्या वर्षी एका झग्यापायी पार कामातून गेला. आमच्या डोंगरातल्या गावात त्याचं नाव काढलं, की पहिल्या तीन गोष्टी कुणाला आठवत नाहीत.

झगा होता काळ्या सॉसेज मंडळाचा. डुकराच्या रक्ताच्या सॉसेजची शपथ घेतलेली तेरा माणसं झगे घालून जत्रांतून मिरवतात, एकमेकांना पदकं देतात आणि दुपारी जेवायला बसतात ती दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. काळपट लाल मखमल, पाठीवर जरीचं डुक्कर. झगे तेराच. एखादा सभासद मेला तरच त्याचा झगा दुसऱ्याला, असा नियम.

ओनोरे मंडळाची गाडी हाकायचा, फुकट. एका जत्रेत म्हाताऱ्या बातिस्त काझोला लघवीची घाई झाली आणि त्याने झगा ओनोरेच्या हातात कोंबला. "धर रे जरा, टोकं भिजतात." ओनोरेने तो सहज खांद्यावर टाकून गाडीच्या काचेत पाहिलं. पोट गायब, खांदे रुंद, कुणी सरदारच उभा! बातिस्तला परत यायला वेळ लागला आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

घरी त्याने दिवाणखान्याचा पडदा पांघरायला सुरुवात केली.

"सोलांज, पाठीमागून कसा दिसतो?"

"पडद्यासारखे," बायको म्हणाली. "अहो, टांगा तो परत. समोरची बाई बघतेय."

मंडळातले बाकीचे बारा जण दगडासारखे धडधाकट होते. आशा काय ती बातिस्तची: वय चौऱ्याऐंशी, हृदयविकाराचे दोन झटके. ओनोरे रोज पावाच्या दुकानापाशी त्याला गाठायचा.

"दादा, छातीत कसं वाटतंय?"

"झकास!"

"आणि जिना चढताना?"

"अरे, तू माझा डॉक्टर आहेस की वारस?"

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी, पानगळ सुरू होताच, ओनोरेने कधी कुणी केलं नसेल ते केलं. आमच्याकडे माणूस एक वेळ बायको सोडेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. मरणारा बापसुद्धा मुलाला खोटीच जागा सांगेल, म्हणून मुलगा आधीच पाळत ठेवून असतो. पुजादांची जागा चार पिढ्यांची, दरीच्या काठावर. वाट एका पावलाएवढी रुंद, वर ओल्या पानांचा थर. ओनोरेने ती बातिस्तला सांगितली, वर नकाशाही काढून दिला. मग घरी येऊन त्याने अंत्यविधीला घालायचा काळा सूट इस्त्री केला. लाज वाटली नाही असं नाही, वाटली. पण झगा आठवला की ती पळून जायची.

बातिस्त पडला नाही. रोज टोपली भरून येऊ लागला. चालण्याने त्याच्या गालांवर लाली आली आणि डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या. सहा आठवड्यांनी ओनोरेला राहवेना. हा थेरडा पडत कसा नाही, हे बघायला तो स्वतःच पहाटे गेला आणि अरुंद वळणावर त्याचाच पाय घसरला.

तासाभराने वरून बातिस्त डोकावला. बुडावर घसरत घसरत बेताने खाली आला आणि पायाकडे बघून म्हणाला, "मोडलाय."

ओनोरेला एकदम भडभडून आलं. "दादा, तुम्ही पडावं म्हणून मी ही जागा सांगितली होती."

"ते मला त्याच दिवशी कळलं. अळंबीची जागा फुकट कोण सांगतो? नकाशा दिलास तेव्हाच म्हटलं, हा मला मारायला बसलाय."

"मग आलात कशाला?"

"अळंबी चांगली होती रे." बातिस्तने ओनोरेच्या कोपराजवळची दोन अळंबी कापून, माती खरवडून टोपलीत टाकली. "पण मारत का होतास?"

"झग्यासाठी."

म्हातारा पहिल्यांदाच थक्क झाला. "त्या झग्यासाठी? अरे, उन्हाळ्यात घामाने जीव जातो त्यात, आणि डांबरगोळ्यांचा वास! किती वर्षं मी तो कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतोय. नियम काय, मीच केलाय, मीच मोडला असता. मागायचास की लेका!"

ओनोरेने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पडल्या पडल्या शक्य तेवढं ताठ होत म्हणाला, "मग आता मागतो, दादा."

बातिस्तने चाकू पुसून मिटला. मग टोपली उचलली.

"आता नाही," तो म्हणाला. "आता मला तो आवडायला लागलाय. हलू नकोस, माणसं घेऊन येतो." आणि टोपली सांभाळत तो भराभर चढून दिसेनासा झाला.