विलासदादाचा पेपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही म्हणून? नाही — हिंमत नव्हती म्हणून.

मी पाचोडची. बी.कॉम.ला रोज एसटीनं शहरात यायचे. पहिल्या वर्षी कॉलेजात ओळखीचं कुणी नव्हतं. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवायला कुणी हवंय, अशी नोटीस लागली आणि मी नाव दिलं. सेवाभाव वगैरे काही नव्हता. बस सुटेपर्यंत दुपार कुठं काढायची, एवढाच प्रश्न होता.

तो विलासदादा. बिडकीनचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. जन्मापासून दिसत नव्हतं. ग्रंथालयात मी वाचायचे, तो ऐकायचा, आणि मधेच हात वर करायचा — "थांब शीतल. हे असं का झालं असंल?" असा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. घरी नाही, शाळेतही नाही. मी पाठ करणारी मुलगी. विचार करायला लागले ती त्या टेबलावर. आज मी जी काही आहे, त्यातलं बरंचसं तिथलं आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट मोजता येईल.

परीक्षेला त्यानं लेखनिक म्हणून माझंच नाव दिलं. पहिले पेपर मी नीट लिहिले. शेवटचा इतिहासाचा, त्याचा हक्काचा. त्याला एक तास जादा असायचा. तीन तास झाले, कॉलेज रिकामं झालं. खिडकीतून फाटकाशी थांबलेल्या माझ्या मैत्रिणी दिसत होत्या. परीक्षा संपली म्हणून शहागंजच्या बाजारात फिरायला जायचं ठरलं होतं.

शेवटचा प्रश्न शहराच्या जुन्या नहरींवर होता. दादा डोळे मिटून सांगत होता — पाणी डोंगराकडून कसं आणलं, जमिनीखालून कसं खेळवलं, कुणाच्या दारात आधी पोचलं, कुणाच्या दारात नाही. पुस्तकात नव्हतं असं बरंच. आणि मी… मी चार वाक्यांतलं एक लिहीत होते. पर्यवेक्षक मोबाइलमध्ये होते. तो विचारायचा, "लिवलं का?" मी म्हणायचे, "व्हय दादा." हात दुखत होता, असं म्हणता येईल. पण नव्हता दुखत. मला कंटाळा आला होता. त्याच्या आधीचा प्रश्नही मी असाच उरकला होता.

निकालात इतिहासाला तो जेमतेम पास. बाकी सगळ्यात बरे गुण.

इथवरचं कदाचित कुणाला सांगितलंही असतं. पोरपण होतं, म्हणून लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण निकालानंतर आठवड्यानं दादा भेटला. म्हणाला, "उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येती म्हणं. मागवू का? सरांना वाचायला लावतो."

झेरॉक्स आली असती तर सरांनी ती वाचून दाखवताच दादाला कळलं असतं, मी काय गाळलं ते.

मी म्हणाले, "कशाला दादा? मी सगळं लिहिलंय. उत्तरंच थोडी कमी पडली असतील."

तो म्हणाला, "व्हय. आपल्याला उगंच वाटत व्हतं, इतिहास जमतो म्हणून."

एम.ए.चा फॉर्म त्यानं भरला नाही. एका ऑफिसात टेलिफोनवर लागला. पुढच्या गॅदरिंगला अंध विद्यार्थ्याला मदत केली म्हणून स्टेजवर माझा सत्कार झाला. मी शाल घेतली. फोटोत हसतेय.

आता मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. कॉलेजनं तुम्हाला काय दिलं, असं मुलं विचारतात, तेव्हा मी त्या ग्रंथालयाबद्दल सांगते. सगळं खरं सांगते — तिथवरचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरी गेले होते. बायको बाजारात गेली होती, तो एकटाच होता. आवाजावरून लगेच ओळखलं. चहा स्वतः केला. मी काय वाचते, काय शिकवते, सगळं विचारलं. स्वतः पुन्हा काही वाचायला घेतलं का, असं मी विचारल्यावर म्हणाला, "नाय गं. ते आपलं काम नव्हतं."

त्या वेळीही सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, घाई कसलीच नव्हती. मी चहा संपवला आणि निघाले.