दुपट्ट्याखालचा सौदा

वर्धा जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका घासाघीस करणारा माणूस झाला नाही, आणि देव करो, पुन्हा न होवो. असे दोघे एका बाजारात मावले नसते. देवळीच्या बैलबाजारात मामांनी उभा जन्म दलाली केली. दात पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. टरबूज घेतानाही ते विकणाऱ्याचं तोंड उघडून बघतील, अशी मला धास्ती असते. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी आधी मला एक भिकार विनोद सांगितला, मी हसलो तेवढ्यात दात पाहून घेतले आणि सासऱ्यांना म्हणाले, "जुपाले हरकत नाई. थोडा आळशी दिसते, पन मारका नाई." सौदा मात्र ते तोंडानं कधीच करत नाहीत. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात घ्यायचा आणि बोटं दाबायची, ही बाजाराची जुनी रीत. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. एकदा पंजा धरला की पाच पक्के. मग ब्रह्मदेव आडवा आला तरी मामा हलत नाहीत.

अशा माणसाच्या फुप्फुसात गाठ निघाली. कॅन्सर म्हटल्यावर आम्ही सगळे गळाठलो. मामा मात्र सर्जनबाईंच्या हातांकडे टक लावून बसले होते. बाई वयानं लहान, बोलायला शांत. म्हणाल्या, "फुप्फुसाचा एक भाग काढावा लागेल. छाती उघडून काढता येतो, किंवा लहान छिद्रांतून, दुर्बिणीनं. छिद्रांनी केलं तर दुखणं कमी, घरीही लवकर जाल. पण आत अडचण आली, तर छाती उघडावीच लागेल."

"म्हंजे गोठ्यातला एक खराब बैल बाहेर काढाचा हाये," मामा म्हणाले, "अन् तुमी इचारून राह्यल्या, भित पाडू का खिडकीतून काढू! खिडकीतूनच काढा ना बाई. नाईच निंगाला तं पाडजा भित."

बाई खळखळून हसल्या. मामा ती संधी सोडतात होय! दात पाहिले, मला डोळ्यानंच 'उत्तम' कळवलं आणि दुपट्टा पुढे केला. "आता खरं काय ते सांगा, बाई. तोंडानं नाई, हातानं." बाईंनी गोंधळून हात आत घातला. बाहेर आल्यावर मामांचा चेहरा असा फुललेला, की जणू पोरगी खपली. "पाच वर्सं! पंजा धरला बाईनं. असा घट्ट!"

बैल खिडकीतूनच निघाला. तिसऱ्या दिवशी मामा वॉर्डात बाजार भरवून बसले. श्वास ओढून आतल्या तीन गोळ्या वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र असतं ना, त्यावर शेजारच्या खाटांशी पैजा! तिसरी गोळी उचलली तेव्हा नर्सनंही टाळ्या वाजवल्या. बिडी कायमची सुटली. बाजारात परतल्यावर पहिलं काम काय, तर सदरा वर करून दाखवायचं, "एवढ्याशा खिडकीतून बैल काढला, पाहा!"

पण घरी न्यायच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. "ते दुपट्ट्याखाली काय करत होते हो? मला वाटलं घाबरलेत, म्हणून हात घट्ट धरून ठेवला."

म्हणजे पाचाचा सौदा झालाच नव्हता! मी "काही नाही, सवय आहे त्यांची" म्हणून वेळ मारून नेली. त्याला आता चार वर्षं झाली. प्रत्येक तपासणी चांगली निघते, आणि मामा ऐटीत सांगतात, "बाई सबदाची पक्की हाये." खरं काय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

परवा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता म्हणाले, "पुढच्या पोळ्याले पाच भरतेत, जवाईबापू. बाईसंग नवा सौदा करा लागते." मग दुपट्टा माझ्यापुढे धरून डोळा मिचकावला. "तुमी किती देता?"

मी हात आत घातला. किती बोटं दाबावीत, काही केल्या सुचेना. त्या दिवशी बाईंचं काय झालं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी मामांचा सगळा हात धरला आणि धरूनच बसलो.

"अवो, सोडा ना आता," मामा म्हणाले. "हात हाये तो, कासरा नाई."