ब्रेकताईंचं बाळ परदेशात वाढतं

चूक माझीच होती. गाडी मागे घ्यायची होती, मी ती पुढे घेतली, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातली 'सुरक्षित वाहन चालवायला शिका' ही पाटी खांबासकट आडवी केली.

पण पाटी पडल्याचं नवल नव्हतं. नवल हे, की ब्रेकताईंनी ब्रेक दाबला नाही. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि आमच्या या शेजारीण-शिक्षिकेचा त्याच्यावर भारी जीव. आडवं जायचं मांजराच्या नुसतं मनात आलं, तरी गाडी जागच्या जागी! अशा बाई आज मोबाईलकडे बघून हसत होत्या.

"ताई, पाटी!"

"पडू दे हो काका! हे बघा." फोन त्यांनी जवळजवळ माझ्या नाकालाच टेकवला. करड्या धुक्यात वाटाण्याएवढा ठिपका. "बाळाचे ठोके सुरू झाले म्हणे!"

दवाखान्यांचे उंबरठे झिजवून ब्रेकताई थकल्या होत्या. दिवस राहायचे, पण टिकायचे नाहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, गर्भ तुमच्या दोघांचाच, पण वाढवायला दुसरी कूस शोधा. इथल्या नियमांत यांचं बसेना, म्हणून परदेशातलं एक हॉस्पिटल गाठलं. तिथली दोन मुलांची एक आई आता यांचं बाळ पोटात वाढवत होती. दोघींच्या मध्ये एक दुभाषी बाई.

"बाळ येतंय की पार्सल?" सासूबाईंनी विचारून घेतलं.

"पार्सल परत करता येतं, आई," ब्रेकताई म्हणाल्या. विषय मिटला.

मिटेना तो ब्रेकताईंचा स्वभाव. व्हिडिओ कॉलवर ती बाई जिना उतरू लागली, की इथे यांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला जायचा. "कठडा धर म्हणावं! हळू म्हणावं! वळणावर थांब म्हणावं!" दुभाषी बिचारी दहा वाक्यांचं एक करून सांगायची आणि दोन्हीकडची शांतता राखायची.

त्यांचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांचे दात जुळवायचे आणि घरी स्वतःचे मिटून ठेवायचे, हा त्याचा संसार. तोही एकदा बोलला, "अगं, तिची दोन झालीयेत. तिला कळतं."

"गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला कळतं!"

मग एक दिवस फोटो आला. सातवा महिना, पोट चांगलंच पुढे, आणि त्या बाईच्या हातात सायकल. झालं! ब्रेकताईंनी दुभाषीला फोन लावला आणि यावेळी दहाची दहा वाक्यं जशीच्या तशी पोचवायला लावली. त्यांतलं एक होतं, "माझं बाळ आहे, तुझं नाही."

पलीकडून उत्तर आलं, "सायकलवर मी बसले नव्हते. भाजीची जड पिशवी हँडलला अडकवून सायकल ढकलत नेत होते. पिशवी हातात धरायला नको म्हणून." आणि फोन बंद.

बंद म्हणजे बंदच. बाळ सुखरूप आहे एवढं हॉस्पिटल कळवायचं, पण त्या बाईचा चेहरा नाही, आवाज नाही. ब्रेकताईंची अन्नावरची वासना उडाली. शिकवणीत मला गाडी एका ट्रकमागे थांबवायला लावून त्या म्हणाल्या, "काका, तिचं मन माझ्यावरून उतरलं, तर माझ्या लेकराशी ती पोटातल्या पोटात तरी गोड बोलेल का हो?" मी गियर टाकायला गेलो, आणि गाडी बंद पाडली.

"विमानाचं तिकीट काढते," त्या घरी म्हणाल्या.

"नाक घासायला एवढ्या लांब कशाला? इथूनच घास," कवळीवाले म्हणाले.

मग ब्रेकताईंनी एक निरोप पाठवला. एकही सूचना नसलेला, आयुष्यातला पहिलाच. "मी घाबरट आहे. घाबरले की ओरडते. ते वाक्य बोलायला नको होतं. चुकले."

मग दुभाषीचाच फोन आला, हसत हसत. "ती विचारतेय, तुमच्याकडे शिकणाऱ्यांपैकी कुणी पास होतं का?"

ब्रेकताई रडल्या, हसल्या, आणि खरं ते सांगून टाकलं, "फार थोडे."

मुलगी झाली. नवराबायको तिकडे गेले, कोर्टाचे आणि पासपोर्टचे सोपस्कार होईतो भाड्याच्या खोलीत राहिले. तिथे ती बाई रोज यायची आणि अंघोळ कशी घालायची, ढेकर कसा काढायचा, हे दाखवायची. दुभाषी लागायची नाही. हातावर एक चापट दिली, की कळायचं.

ते परतल्यावर मी बाळ बघायला गेलो. पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं. टेबलावरच्या फोनमध्ये ती बाई, तिच्या भाषेत तडतडत, हातांनी 'उंच धर, अजून उंच' असं दाखवत होती. आणि आमच्या ब्रेकताई? मुकाट्याने ऐकत होत्या. पोर खांद्यावर चढली, एक हुंदका देऊन शांत झाली.

मला राहवेना. म्हटलं, "काय ताई, तुम्हाला कुणी असं शिकवलेलं चालतं?"

"पोरगी गप्प झाली ना काका? आता तुम्हीही व्हा."