खडूस मावशींची पाटी

जिन्याखालच्या त्या खोलीत एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मावशी एवढंच मावायचं. गिऱ्हाईक दारातच उभं राहायचं. मावशींचा हात असा की उसवलेली बाही जोडली तर टीप शोधूनही सापडू नये. जीभ मात्र कात्रीच्या वरताण. "पोट वाढलंय तुमचं, चेनला कशाला दोष देता?" असं त्या भल्याभल्यांना तोंडावर सुनावायच्या.

कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं आणि मावशींकडचे गठ्ठे हळूहळू कमी होऊ लागले. त्यांची सून एका छापखान्यात जाहिराती मांडायची. तिने पदर खोचला.

"आई, दुकानाची ओळख हवी. ब्रँड हवा."

"अख्खा रस्ता मला ओळखतो!"

"तुम्हाला ओळखतो हो. दुकानाला नाव कुठंय?"

आठवड्याभरात 'रेशीमधागा' अशी गुलाबी पाटी लागली, फुलांच्या पिशव्या आल्या. शिवाय सुनेने हात जोडून विनवलं, "जरा गोड बोला." सुनेवर जीव होता, म्हणून मावशी ओठ ताणून हसू लागल्या. विटका कोट आला तरी "छान होईल हं!"

तो घेऊन आलेले शाळेतले मास्तर, जुनं गिऱ्हाईक, गडबडले. कोट तसाच उचलून बाहेर पडले आणि सुनेला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशींची तब्येत बरी आहे ना? की दुकान विकलं?"

सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मास्तर, खरं सांगा. दुसऱ्याला आमचा पत्ता कसा सांगता?"

मास्तरांनी आधी दाराकडे पाहिलं. "खडूस मावशींकडे जा म्हणतो. कपडा वाचणार नसेल तर त्या हातच लावत नाहीत. म्हणून तर येतो ना आम्ही."

पुढे जो येईल त्याला सुनेने हेच विचारलं. सगळे आधी चाचरले आणि मग सगळ्यांनी तेच सांगितलं.

रात्री जेवताना तिने भीतभीत विषय काढला. मावशींचा घास हातातच राहिला. "मी? खडूस?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तुला माहीत असेल," तो ताटात बघत म्हणाला.

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. सून पाट सरकवून जवळ बसली. "आई, चूक माझी. आपल्या पाठीमागे लोक आपल्याबद्दल जे सांगतात, तोच खरा ब्रँड. तो तुम्ही कधीच कमावलाय. मी आपली तुम्हाला दुसरीच बाई करायला निघाले होते."

तिसऱ्या दिवशी मावशी स्वतःच पाटी रंगवणाऱ्याला बोलावून आल्या. "खडूस लिहायचंच तर ठसठशीत लिही. आणि खाली लिही, 'जमणार नसेल तर नाही म्हणू.'"

पाटी वाचून लोक थबकायचे, हसायचे, आत डोकावायचे. काहीजण तर बोलणी खायलाच यायचे म्हणा ना. कोपऱ्यावरचं दुकान आपल्या जागी राहिलं, पण तिथे घेतलेल्या पँट्स लांबी कमी करायला जिन्याखाली येऊ लागल्या. कामं एवढी वाढली की दारालगत बाहेर दुसरं मशीन आलं. सुट्टीच्या दिवशी त्यावर सून बसायची. तिची टीप वाकडी गेली की मावशी चारचौघांत उसवायला लावायच्या. तिच्या पाठीमागे मात्र गिऱ्हाइकांना सांगायच्या, "डोकं आहे हो पोरीला. हात बसायला तेवढा वेळ लागेल."